लॉरेन्झो रिचर्ड्स आणि मातीतलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माती-पाणी परीक्षणाच्या कामात माझ्याकडे तीन प्रकारची माणसं येतात. तपासणीचा अहवाल घेऊन शेतकरी येतात, समीकरण घेऊन कृषीचे विद्यार्थी येतात आणि टेन्सिओमीटरच्या (माती पाणी किती घट्ट धरते ते दाखवणाऱ्या उपकरणाच्या) काट्याचा फोटो घेऊन बागायतदार येतात. प्रश्न वेगवेगळे असले तरी मुळाशी गेलं की तिन्ही वाटा एकाच माणसाच्या कामापाशी पोचतात. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हे रिचर्ड्स कोण? आमच्या पुस्तकात त्यांचं नाव फक्त कंसात येतं.

लॉरेन्झो अ‍ॅडॉल्फ रिचर्ड्स यांचा जन्म २४ एप्रिल १९०४ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात, फील्डिंग नावाच्या छोट्या गावात झाला. हा कोरडा मुलूख. तिथली शेती मुख्यतः डोंगरातून पाटाने आणलेल्या पाण्यावर उभी राहिली. लोगनच्या कृषी महाविद्यालयात ते शिकले, पण विषय होता भौतिकशास्त्र. तिथे त्यांना विलर्ड गार्डनर हे शिक्षक लाभले. मातीतल्या पाण्याकडे भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहायला ज्यांनी अमेरिकेत एक पिढी शिकवली, ते हे गार्डनर.

१९३१ मध्ये रिचर्ड्सनी कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी घेतली. प्रबंधाचा विषय होता सच्छिद्र पदार्थांतून केशाकर्षणाने होणारा द्रवाचा प्रवास. त्याच वर्षी तो शोधनिबंध म्हणून छापून आला, आणि आज जगभर ज्याला रिचर्ड्स समीकरण म्हणतात ते त्यात आहे. पुढे काही वर्षं आयोवा राज्य महाविद्यालयात काढून १९३९ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेत गेले आणि १९६६ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. १२ मार्च १९९३ रोजी त्यांचं निधन झालं.

पीएचडीच्या वयात समीकरण मांडलं, पण पुढची तीसेक वर्षं त्यांनी ते मोजता कसं येईल यात घातली. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट समीकरणापेक्षा मोठी वाटते.

२. जमिनीखालचं पाणी म्हणजे भूजल. त्यात मृदाशास्त्रज्ञाचं काय काम?

भूजल म्हणजे खडकाच्या आणि मुरुमाच्या सगळ्या फटी पाण्याने भरल्यावर साठतं ते. विहीर, बोअर यांना लागतं ते हेच पाणी. पण जमिनीच्या पृष्ठापासून त्या पातळीपर्यंत एक मधला थर असतो, जिथे पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असते. पिकाची मुळं इथे असतात. पावसाचा थेंब विहिरीपर्यंत पोचायचा तर त्याला याच थरातून जावं लागतं, आणि बाष्प होऊन परत आकाशात जाणारं पाणीही इथूनच निघतं.

आपण शेतकरी ज्याला 'ओल' म्हणतो, ती याच थरातली. रिचर्ड्सचं आयुष्यभराचं काम या ओलीवर आहे. विहिरीची जागा दाखवणं हा त्यांचा विषय नव्हता. मातीत पाणी कसं धरलं जातं आणि कसं सरकतं, हा होता.

३. ओल टक्क्यांत मोजली की झालं ना? 'ओढ' कशाला मोजायची?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडं लांब आहे.

भारी काळ्या मातीत वजनाने १८ टक्के ओल असेल तर त्यातला हरभरा बहुधा माना टाकून उभा असतो. रेताड मातीत तेवढीच १८ टक्के ओल असेल तर ती वाफशापेक्षाही (जादा पाणी निथळल्यावर उरणाऱ्या ओलीपेक्षाही) जास्त ओली असते आणि तिच्यातून पाणी खाली निथळत असतं. आकडा एक, पण एका ठिकाणी पीक मरतंय आणि दुसऱ्या ठिकाणी पाणी वाया जातंय.

कारण माती पाणी नुसतं साठवत नाही, धरून ठेवते. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म, त्यांच्यामधल्या पोकळ्याही सूक्ष्म, आणि पोकळी जितकी बारीक तितकी तिची पाण्यावरची पकड घट्ट. मुळाला ते पाणी त्या पकडीतून ओढून घ्यावं लागतं. म्हणून पिकाच्या दृष्टीने 'किती आहे' याच्याआधी 'किती घट्ट धरलेलं आहे' हा प्रश्न येतो. या पकडीलाच आपण ताण किंवा ओढ म्हणतो.

याचा एक परिणाम पहिल्यांदा ऐकताना खोटा वाटतो. १० टक्के ओल असलेली रेती आणि १८ टक्के ओल असलेली काळी माती एकमेकींना चिकटून ठेवल्या, तर पाणी रेतीतून काळ्या मातीत जातं. टक्क्यांनी पाहिलं तर ते उलट्या दिशेने जातंय. ओढीने पाहिलं तर सरळ आहे: काळ्या मातीची ओढ जास्त, म्हणून पाणी तिच्याकडे. मंगळवेढ्याच्या शिवारात मालदांडी ज्वारी पाऊस थांबल्यानंतर नुसत्या साठलेल्या ओलीवर कणसाला येते, तेव्हा हीच रस्सीखेच महिनोन्‌महिने चालू असते. वरचा थर सुकला की मुळं खालच्या थरात उतरतात, जिथे ओढ अजून कमी असते.

४. १९३१ चं समीकरण गणित न वापरता सांगता येईल का?

येईल, कारण त्यात तीनच गोष्टी आहेत: ओढ, वाट आणि हिशेब.

पहिली गोष्ट जुनी. फ्रान्समधल्या दीजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून दाखवलं की प्रवाह हा दोन टोकांतल्या ओढीच्या फरकावर आणि वाळूच्या वाहकतेवर ठरतो. पण ती वाळू पाण्याने पूर्ण भरलेली होती. दुसरी गोष्ट एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये मांडली: माती अर्धवट ओली असेल तर तिची वाहकता कायम राहत नाही. ओल कमी झाली की वाटाच बंद होतात. मोठ्या पोकळ्या आधी रिकाम्या होतात, पाण्याला बारीक कडेकडेने जावं लागतं आणि वाहकता हजारो पटींनी घसरते. तिसरी गोष्ट साधा जमाखर्च: मातीच्या तुकड्यात आलेलं पाणी वजा गेलेलं पाणी म्हणजे साठलेलं पाणी.

रिचर्ड्सनी या तिन्ही गोष्टी एका सूत्रात बांधल्या. सूत्र एका ओळीचं आहे, पण सोडवायला अवघड, कारण ओल बदलली की ओढ बदलते, वाट बदलते आणि त्यामुळे पुन्हा ओल बदलते. कागदावर ते मोजक्याच सोप्या परिस्थितींत सुटतं. ते खऱ्या अर्थाने कामाला आलं संगणक आल्यावर.

५. हे समीकरण आधी रिचर्डसन यांनी मांडलं होतं असं वाचलं. नावात घोटाळा आहे का?

घोटाळा नाही, दोन वेगळी माणसं आहेत. लुइस फ्राय रिचर्डसन हे इंग्लंडचे हवामानशास्त्रज्ञ. आकडेमोडीने हवामानाचा अंदाज करता येईल, या विचारावर त्यांनी १९२२ मध्ये ग्रंथ लिहिला. हवेत किती बाष्प जाईल हे कळायला जमिनीतली ओल कशी सरकते ते हवं, म्हणून त्यांनी तिथे मातीतल्या पाण्याचंही सूत्र मांडलं, आणि ते तत्त्वतः हेच आहे. म्हणून हल्ली काही जण रिचर्डसन-रिचर्ड्स समीकरण असं लिहितात. मला ते योग्य वाटतं. मातीत घालून मोजण्याची साधनं मात्र रिचर्ड्सनीच पुढे नेली (प्रश्न ६ आणि ७ पाहा).

६. टेन्सिओमीटर त्यांनीच काढला का? द्राक्षबागेत लावला आहे, आकडा कसा वाचायचा?

कल्पना त्यांच्याआधीपासून वेगवेगळ्या रूपांत होती. गार्डनर आणि रिचर्ड्स यांनी १९३० च्या दशकात तिला वापरण्याजोगं रूप दिलं आणि हे नावही रुजवलं. पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र चिनीमातीचा कप, वर दाबमापक. माती सुकली की कपातून पाणी ओढते आणि काटा चढतो. तो मुळाच्या जागी बसून मुळासारखी ओढ अनुभवतो, हे त्याचं मोठेपण.

आकडा सेंटीबारमध्ये असतो (बार हे दाबाचं माप, सेंटीबार त्याचा शंभरावा भाग). शून्याच्या आसपास म्हणजे माती चिंब. दहा ते तीसच्या दरम्यान बहुतेक जमिनी वाफशावर असतात. हलक्या जमिनीत लवकर पाणी द्यावं लागतं, भारी जमिनीत काटा आणखी चढू देता येतो. नेमका आकडा पीक आणि अवस्था पाहून ठरवावा.

लोक तीन ठिकाणी चुकतात. कपाभोवती माती घट्ट बसवत नाहीत. मध्ये हवा राहिली तर काटा काहीही दाखवेल. दुसरं, ८० ते ८५ च्या पुढे नळीतलं पाणी तुटतं, त्यात हवेचे बुडबुडे होतात आणि काटा खाली येतो. माती कोरडी ठणठणीत असताना काटा शून्यावर दिसला तर नळी रिकामी झाली आहे, पाणी भरा. तिसरं, उंची. नळी जितकी लांब तितका दर १० सेंटिमीटरला सुमारे १ सेंटीबार जास्त दिसतो. शिवाय नाशिकसारख्या समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी हवेचा दाबच कमी, म्हणून ८० ची मर्यादा थोडी आधीच गाठली जाते.

काटा शून्याजवळ असूनही पीक कोमेजलेलं असेल तर प्रश्न १३ पाहा.

७. प्रयोगशाळेतले १/३ बार आणि १५ बार हे आकडे कुठून आले?

टेन्सिओमीटर एका वातावरणाच्या (हवेच्या सामान्य दाबाच्या, म्हणजे सुमारे एका बारच्या) आतच थांबतो, पण पीक त्याच्या कितीतरी पुढपर्यंत पाणी ओढतं. ती पुढची ओढ मोजायची कशी? रिचर्ड्सनी प्रश्न उलटा केला. पाणी खालून ओढता येत नसेल तर वरून दाबावं. मातीचा नमुना सच्छिद्र पडद्यावर किंवा चिनीमातीच्या तबकडीवर ठेवायचा, भांडं बंद करायचं, हवेचा दाब द्यायचा. त्या दाबाला जेवढं पाणी निघायचं तेवढं निघतं, उरलेलं मोजायचं. पडद्याचं उपकरण त्यांनी १९४१ मध्ये आणि तबकडीचं १९४८ मध्ये प्रसिद्ध केलं. महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांत मृदा-भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आजही ज्या जड झाकणाच्या भांड्याचे बोल्ट आवळतो, ते हेच.

१५ बारचा आकडा सूर्यफुलाने दिला. कुंडीत सूर्यफुलाची रोपं वाढवून, पाणी तोडून, ती कायमची कधी कोमेजतात ते पाहायचं आणि त्या वेळची ओल मोजायची, अशी पद्धत होती. रिचर्ड्स आणि त्यांचे सहकारी वीव्हर यांनी १९४३ मध्ये दाखवलं की अनेक जमिनींत ही ओल १५ वातावरणांच्या दाबाला उरणाऱ्या ओलीच्या जवळ येते. वाफशासाठी १/३ बार हा असाच सोयीचा आकडा. दोन्हींमधली ओल म्हणजे पिकाला उपलब्ध पाणी.

हे आकडे निसर्गनियम नाहीत. हलक्या, रेताड जमिनीचा वाफसा १/३ बारच्या बराच आधी येतो, म्हणून तिथे १/१० बार धरतात. अहवालात कोणता धरला आहे हे जरूर विचारा.

८. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' याला शास्त्राचा आधार आहे का?

आहे, आणि तो प्रश्न ४ मधल्या 'वाट' या गोष्टीत आहे. पृष्ठभाग उन्हाने सुकत असतो आणि खालची ओल वर सरकत असते. कोळप्याने वरचा थर मोकळा केला की तो लगेच कोरडा होतो, आणि कोरड्या थराची वाहकता इतकी घसरते की खालच्या ओलीचा वर येण्याचा रस्ताच तुटतो. वरचा थर स्वतःचं थोडं पाणी गमावतो आणि खालचं वाचवतो. काळ्या जमिनीत कोळपणीने भेगाही बुजतात. ओल उडण्याचा तो दुसरा मोठा मार्ग. तण जातं हा तिसरा फायदा, आणि तोही लहान नाही.

'अर्धं' हे माप शब्दशः घेऊ नका. पण ज्यांनी ही म्हण केली त्यांनी कोणत्याही उपकरणाविना बरोबर ओळखलं होतं.

९. विहिरीची भिंत ओलसर दिसते, तरी तिच्यातून पाणी का सुटत नाही?

कारण ती माती पाणी धरून बसली आहे. अर्धवट ओल्या मातीतलं पाणी ताणाखाली असतं, म्हणजे त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. ते मोकळ्या हवेत स्वतःहून येणार नाही. माती पूर्ण भरून पाण्याचा दाब हवेइतका झाला की मगच थेंब सुटतो. रिचर्ड्सनी १९५० मध्ये मातीतल्या पाण्याचे नियम मांडताना या गोष्टीला स्वतंत्र नियमाचं स्थान दिलं.

हा नियम फार ठिकाणी कामाला येतो. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या क्षारपड जमिनीत सच्छिद्र निचरा पाइप घालताना शेतकरी हमखास विचारतात, "पाइप सगळी ओल ओढून नेईल का?" नाही नेणार. पाइपात फक्त साचलेलं, मोकळं पाणी शिरतं. वाफशाची ओल मातीतच राहते. तसंच कुंडीच्या तळाशी जाड खडी घातली म्हणून वरच्या मातीचा निचरा सुधारत नाही. वरची माती चिंब होईपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही, उलट मुळांच्या जागी ओलाचिंब थर तयार होतो. भोक मोकळं राहील एवढी एक खापरी पुरे.

१०. जमिनीचे क्षारयुक्त, चोपण हे प्रकार रिचर्ड्सनी ठरवले का?

त्यांच्या प्रयोगशाळेने. अहवालातलं '(रिचर्ड्स, १९५४)' म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याची हस्तपुस्तिका क्रमांक ६०. लेखक होते प्रयोगशाळेतले सगळे सहकारी, रिचर्ड्स संपादक. एकट्याचं नाव राहिलं, पण काम अनेकांचं, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं.

तिच्यातल्या सीमा अशा: ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) ४ पेक्षा जास्त आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जमीन क्षारयुक्त, सामू (पीएच) बहुधा ८.५ च्या आत. ईसी ४ पेक्षा कमी आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण, सामू बहुधा ८.५ च्या वर. दोन्ही जास्त असतील तर क्षारयुक्त-चोपण. पाणी तपासणीच्या कागदावरचे 'सी३-एस१' असे वर्गही तिथलेच. 'सी' क्षारांचा आणि 'एस' सोडियमचा.

नावांपेक्षा उपाय महत्त्वाचे. क्षारयुक्त जमिनीवर पांढरा थर दिसतो. तिला निचरा आणि चांगलं पाणी लागतं, जिप्सम घालून काही साधत नाही. चोपण जमिनीत सोडियममुळे कण विस्कटून पोकळ्या बुजलेल्या असतात, पाणी वरच तुंबतं. तिला आधी जिप्सम, मग पाणी आणि निचरा.

११. माझ्या अहवालात ईसी १.२ आहे. मर्यादा ४ ची. मग जमीन चांगलीच ना?

घाई करू नका. ४ ची सीमा ही मातीचा पाणी घालून चिखल केल्यावर त्यातून काढलेल्या अर्कासाठी आहे. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून ईसी मोजतात. पाणी जास्त, म्हणून क्षार पातळ होतात आणि आकडा खूप लहान येतो. त्या पद्धतीत साधारण १ च्या आत असेल तर ठीक मानतात, १.२ म्हणजे सावध व्हायची वेळ. अहवालात पद्धत लिहिलेली नसेल तर विचारून घ्या. या एका गैरसमजामुळे क्षार वाढत असताना निर्धास्त राहिलेले बागायतदार मी पाहिले आहेत.

१२. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीला हे समीकरण आणि या सीमा लागू पडतात का?

पूर्णपणे नाही. समीकरणाने गृहीत धरलं आहे की मातीचा सांगाडा स्थिर आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस पृष्ठभाग भिजवण्याआधी भेगांतून थेट खाली जातो. जमीन वरून आणि खालून अशी दोन्हीकडून भिजते. भेगा मिटल्यावर मात्र पाणी अत्यंत सावकाश मुरतं. अशा जमिनीसाठी शास्त्रज्ञ भेगांचा आणि मातीचा प्रवाह वेगळा धरतात. शिवाय सुकताना आणि भिजताना एकाच ओढीला ओल सारखी नसते, ही गुंतागुंत सगळ्याच जमिनींत आहे.

सीमेचंही तसंच. विदर्भातल्या पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या कामातून दिसलं की विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या बराच खाली असतानाही निचरा मंदावतो. म्हणून भारी काळ्या जमिनीत "१५ च्या आत आहे, काळजी नाही" असं मी कोणालाही सांगत नाही.

त्यामुळे समीकरण टाकून द्यावं का? अजिबात नाही. रिचर्ड्स जिथे काम करत होते त्याच रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेत पुढे रीन व्हॅन गेनुख्तेन यांनी १९८० मध्ये ओल आणि ओढ यांचं नातं सांगणारं सूत्र दिलं. त्यामुळे हे समीकरण संगणकावर सोडवणं खूप सोपं झालं, आणि त्यांना २०२३ चा कृषी विषयातला वुल्फ पुरस्कार मिळाला. पाया तोच आहे, आपल्या मातीसाठी त्यात भर घालावी लागते.

१३. शेत ओलं आहे, टेन्सिओमीटर १५ दाखवतो, तरी पीक दुपारी माना टाकतं. उपकरण बिघडलं का?

आधी प्रश्न ६ मधल्या तीन चुका तपासा. त्या नसतील तर उपकरण बरोबर आहे, फक्त ते अर्धीच गोष्ट सांगतंय. मातीची ओढ त्याला कळते. क्षारांची ओढ कळत नाही, कारण क्षार चिनीमातीच्या कपातून आरपार जातात. मुळाच्या पेशीतून ते तसे जात नाहीत, म्हणून मुळाला दोन्ही ओढींशी झगडावं लागतं.

ही दुसरी ओढ किती, याचा अंदाज हस्तपुस्तिका ६० मध्ये आहे: ईसीला ०.३६ ने गुणलं की वातावरणांत ओढ मिळते. चिखलाच्या अर्काची ईसी ८ असेल तर जवळजवळ २.९ वातावरणं. टेन्सिओमीटर ज्या ८० सेंटीबारला थांबतो त्याच्या साडेतीन पट. आणि हा आकडा माती चिंब असतानाचा. ओल निम्मी झाली की क्षार तेच, पाणी निम्मं, ओढ दुपटीच्या घरात.

दोन्ही ओढी एकत्र मोजण्यासाठी मातीतल्या हवेची आर्द्रता पाहावी लागते, कारण बाष्प होताना पाण्याला दोन्ही पकडींतून सुटावं लागतं. रिचर्ड्स आणि ओगाता यांनी १९५८ मध्ये त्यासाठी अतिसूक्ष्म तापमान-फरक ओळखणारं साधन प्रसिद्ध केलं. ते शेतकऱ्याच्या हातातलं साधन नाही. तुमच्यासाठी उपाय साधा आहे: मुळांच्या थरातला नमुना घेऊन चिखलाच्या अर्काची ईसी काढून घ्या आणि शेताच्या सखल कोपऱ्यात दीड ते दोन मीटरचा खड्डा घ्या. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी दिसलं, तर क्षार खालून वर चढत आहेत. अशा वेळी निचऱ्याची सोय केल्याशिवाय (प्रश्न ९ पाहा) पाणी वाढवू नका, कारण ते पाणी उडून गेल्यावर क्षार मागे वरच राहतील.